बणीतली सुबाभूळ

निवृत्त झाल्यापासून माझ्या घरी येणारा प्रत्येक पाहुणा चहा संपवता संपवता एकच प्रश्न विचारतो, बाल्कनीत काय लावू? मी उलट विचारते, जे लावायचं आहे ते मरतं कशाने, ते माहीत आहे का? पाहुणा बिचारा माझ्या नवऱ्याकडे पाहतो. आमचे हे सवयीने सांगून टाकतात, "हिचं असंच असतं, तुम्ही मोगरा लावा." मग विषय मोगऱ्यावर जातो आणि माझा प्रश्न तसाच राहतो. खरं तर तो प्रश्न माझा नाहीच. तो मला एका माळ्याने विचारला होता आणि तेव्हा मी हसले होते. या अंकासाठी नोकरीतल्या आठवणी लिहा, असं संपादकांनी कळवलं, तेव्हा ठरवलं की बढत्या आणि बदल्या कुणाला वाचायच्या नसतात. त्या हसण्याबद्दल लिहावं.

मी अकोल्याकडची. घरातली पहिली पदवीधर, आणि पदवी शेतकीची. लग्नानंतर ह्यांच्या केंद्र सरकारातल्या नोकरीमुळे दिल्लीला आले, आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये संसार मांडला आणि वर्षभरात मलाही सरकारी उद्यान खात्यात काम मिळालं. दहा-बारा वर्षं मी दिल्लीच्या गोल चौकांमधली फुलं बदलत होते. हिवाळ्यात पेटुनिया आणि डेलिया, उन्हाळ्यात चिनी गुलाब. काम सोपं होतं आणि कुणी रागावत नव्हतं. मग नव्वदीच्या सुरुवातीला, देश खुला झाला असं पेपरात येऊ लागलं. आमच्यापुरता तो दिल्लीची हद्द ओलांडून गुडगावच्या दिशेने खुला झाला. तिकडे शेतांमधून रस्ते आखले जात होते, आणि एका बिल्डरच्या कंपनीला झाडांची माहिती असलेलं माणूस हवं होतं. मी सरकारी नोकरी सोडली. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे माझ्या डोक्यावर परिणाम झाल्याचं ठरलं.

बाहेरच्यांना वाटतं, कॉलनी बांधून झाली की कुणीतरी येऊन बाग लावतं. तसं नसतं. बांधकाम सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात वरची फूटभर माती ट्रॉल्यांमधून निघून जाते. झाडाच्या दृष्टीने खरी माती तेवढीच. खाली उरते ती पिवळी, मुरमाड जमीन, आणि तिच्यात सिमेंट, विटांचे तुकडे, प्लॅस्टर, ज्याला तिकडे मलबा म्हणतात ते. अशा जमिनीवर मी हिरवळ उभी करायची, आणि तीही लोक घर बघायला येण्याआधी. म्हणजे घर नसताना झाड दिसायला हवं. हा आमचा धंदा.

गिऱ्हाइकं तर एकेक नमुना. बँकेतल्या एका साहेबांना गाडीवर सावली हवी होती, पण गाडीवर पान पडायला नको होतं. पक्षी बसणार नाहीत असं झाड आहे का, असंही त्यांनी विचारलं. लष्करातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांची तक्रार होती की त्यांच्या गल्लीतली झाडं एका उंचीची नाहीत. पुण्याच्या एका बाईंनी हट्टाने पारिजातक लावून घेतला, आणि शेजारच्या गाडीवर सडा पडून भांडण झाल्यावर तो माझ्याकडूनच काढून घेतला. सगळ्यांना हिरवं हवं होतं, पण झाडाने झाडासारखं वागू नये अशी अट होती. अशा अटी पुऱ्या करणारी झाडं बहुतेक वेळा लांबून आणलेली असतात, हे तेव्हा माझ्या ध्यानात येत होतं आणि मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या कंपनीच्या मोठ्या साहेबांनी एका फाल्गुनात मला बोलावून घेतलं. नमुन्याचा फ्लॅट तयार होता, पण त्याच्या तिन्ही बाजूंना उघडा माळ. आंधी सुटली की आतल्या पांढऱ्या सोफ्यावर बोट फिरवून नाव लिहिता यायचं. येणारी कुटुंबं नाकाला रुमाल लावून परत जायची. साहेब म्हणाले, सहा महिन्यांत मला इथे जंगल हवं आहे. मी हो म्हणाले. नाही म्हणण्याची पद्धत त्या ऑफिसात नव्हती, आणि शिवाय माझ्याकडे उत्तर तयार होतं.

आमच्या पिढीच्या, महाराष्ट्रात शिकलेल्या शेतकी पदवीधरांना सुबाभळीचं वेडच होतं. चारा तिचा, सरपण तिचं, पाल्याचं खत, वर सावली, आणि मुळांनी जमिनीचा कस वाढतो तो वेगळाच. आम्हाला शिवारफेरीला नेऊन हे झाड असं दाखवायचे की जणू ते घरी न्यायची सोय असती तर प्रत्येकाने नेलं असतं. ती मूळची पार मेक्सिकोकडची, हेसुद्धा आम्ही कौतुकानेच वहीत लिहून घेतलं होतं. दिल्लीत ती इकडेतिकडे होतीच, पण इथल्या नर्सरीवाल्यांवर माझा विश्वास नव्हता. मी अकोल्याला भावाला पत्र लिहिलं. आमच्या विहारातल्या ओळखीचे एक काका दिल्लीला येत होते. त्यांच्या पिशवीतून, चिवड्याच्या डब्याशेजारी, पायजम्याच्या कापडात शिवलेलं पाच किलो बी आलं.

सुबाभळीचं बी चपटं, तपकिरी, चकचकीत असतं. कवच इतकं टणक की नुसतं पेरलं तर ते मातीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. त्याला जागं करायची रीत अशी की पाणी उकळायचं, खाली उतरवायचं, बी त्यात दोन-तीन मिनिटं बुडवायचं आणि मग गार पाण्यात भिजत ठेवायचं. कंपनीच्या आवारात गॅस नव्हता. मी ते काम आर. के. पुरमच्या स्वयंपाकघरात चहाच्या पातेल्यात केलं. पुढे आठवडाभर हे चहाचा घोट घेऊन थांबायचे आणि माझ्याकडे पाहायचे.

रामफलची आणि माझी खरी ओळख मी पातेल्यासकट कामावर नेलेल्या त्या भिजवलेल्या बियांवरून झाली. रामफल हे माणसाचं नाव असतं हे मला हरियाणात कळलं. तो आमचा मुख्य माळी, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा, बोलायला कमी. ज्या जमिनीवर नमुन्याचा फ्लॅट उभा होता ती त्याच्या घरची. जिथे विक्रीचं टेबल मांडलं होतं तिथे त्यांची विहीर होती, हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे, तर तिथे खोल खणू नका म्हणून. त्याच्या मते माळावर रोंज आणि जांटी लावायला हवी होती. रोंज म्हणजे आपला हिवर आणि जांटी म्हणजे शमी. मी म्हटलं, रामफल जी, तुमची रोंज खांद्याला लागेपर्यंत साहेब म्हातारे होतील. त्याने पातेल्यातलं एक बी तळहातावर घेतलं आणि मला एकेक गोष्ट विचारू लागला.

पाला, म्हणजे थंडीतलं दव गोठतं ते, मारतं का याला? मी म्हटलं, शेंडे जळतात, पण पुन्हा फुटते. उन्हाळ्यातली लू? तग धरते. वाळवी? क्वचित. गुरं खातात का? मी अभिमानाने सांगितलं की आवडीने खातात आणि खाल्लं की दुप्पट जोमाने वाढते. त्याने बी परत पातेल्यात टाकलं.

"तो मैडम जी, यो मरेगा कब?"

मी हसले. तो हसला नाही. पण मी हसले म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही, आणि आम्ही पिशव्या भरायला घेतल्या.

त्याच्या प्रश्नात माझ्या सगळ्या शिक्षणाचा गाभा होता, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. झाडाला त्याच्या मूळच्या मुलखात भाऊबंद असतात तसे वैरीही असतात. कुणी किडा त्याचं बी पोखरतो, कुणी बुरशी रोपं कुजवते, कुठे शेजारचंच झाड त्याला डोकं वर काढू देत नाही. परक्या मुलखात बी एकटं येतं, वैरी मागे राहतात. तरी आलेलं प्रत्येक झाड माजत नाही. दहातली बहुतेक पहिल्याच उन्हाळ्यात मरतात, काही आपण पाणी घालू तोवर जगतात. मिरची, बटाटा, पेरू, इतकंच काय आपलं रामफळ, सगळे समुद्रापलीकडचे. त्यांनी कुणाचं वाईट केलेलं नाही. माजण्यासाठी तीन गोष्टी जुळाव्या लागतात. कुणीतरी एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बी आणायला हवं. जमीन उघडी, खणलेली, मालक नसल्यासारखी हवी. आणि बी पुढे नेणारं कुणीतरी हवं. नवी उपनगरं म्हणजे या तिन्ही गोष्टींची जत्राच होती.

सहा महिन्यांत जंगल झालं नाही, पण पावसाळ्यानंतर सुबाभूळ माझ्या डोक्याच्या वर गेली आणि दुसऱ्या वर्षी पहिल्या मजल्याच्या खिडकीला लागली. धूळ थांबली. लोक खिडकीतून बाहेर बघून हसू लागले. साहेबांनी सगळ्या स्टाफसमोर माझं नाव घेतलं आणि मला असं काही हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की मी आणखी तीन जागी तीच लावली. रामफलच्या गावच्या बाया कुंपणाशी यायच्या, मी त्यांना स्वतः फांद्या तोडून द्यायचे आणि म्हशींना हा पाला किती चांगला ते समजावून सांगायचे. थोडाच द्या, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून द्या, हेही सांगायचे. माझं सांगणं शास्त्रशुद्ध होतं. रामफलसुद्धा संध्याकाळी सायकलला एक भारा बांधून घरी न्यायचा.

शेंगा पहिल्याच वर्षी आल्या. पुढे फरशीच्या फटींत, गटारांच्या काठाला, मलब्याच्या ढिगांवर रोपं दिसू लागली. माळी कुरकुरत उपटायचे. मी कानाडोळा केला. एकदा तर म्हटलं, बरंच आहे, नर्सरीला फुकटची रोपं.

सहा-सात वर्षं गेली. एके दिवशी रामफल माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, अर्ध्या दिवसाची सुट्टी पाहिजे. मी फॉर्म पुढे केला. तो म्हणाला, मला नको, तुम्ही घ्या.

त्याने मला गावाच्या पलीकडे नेलं. तिथे त्यांची बणी होती. हरियाणात बऱ्याच गावांना अशी राखीव झाडी असते, आपल्याकडच्या देवराईसारखी. मध्ये एका बाबाचं ठाणं, शेजारी जोहड, म्हणजे गावचं तळं. बणीत शिरायच्या वाटेवर एक मोठी सपाट शिळा होती आणि तिच्यावर विळे, खुरपी, एक कुऱ्हाड ओळीने ठेवलेली होती. आत लोखंड न्यायचं नाही, हा तिथला नियम. हिरवी फांदी तोडायची नाही, वाळून पडलेलं लाकूड तेवढं उचलायचं. शिळेपाशी रामफलची आई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, ताठ, हुक्का शेजारी. तिने माझ्याकडून किल्ल्यांचा जुडगा काढून घेतला, साडीची पिन काढायला लावली, केसातले आकडेही शिळेवर ठेवून घेतले. मी पदर सावरत आत गेले.

रोंजांची पिवळट खोडं, जुन्या जांट्या, कैर म्हणजे आपली नेपती, हिंगोट म्हणजे हिंगणबेट. वीस वर्षांत दिल्लीच्या इतक्या जवळ मी अशी झाडी पाहिली नव्हती. आणि जोहडाकडच्या अर्ध्या भागात सुबाभूळ. उंच, हिरवीगार, खाली शेंगांचा खच, आणि त्याखाली पेरल्यासारखी दाट रोपं. तिच्या सावलीत रोंजाचं एकही पिल्लू नव्हतं.

कसं झालं ते सांगावं लागलं नाही. म्हशी मी दिलेल्या पाल्याबरोबर शेंगा खायच्या आणि संध्याकाळी जोहडावर पाणी प्यायला यायच्या. मी चहाच्या पातेल्यात जे करत होते तेच म्हशींच्या पोटात होत होतं. बी मऊ होऊन, शेणासकट, ओल्या जमिनीवर पडत होतं. आणि एकदा ते रुजलं की त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. ज्या नियमाने रोंजाला इतक्या पिढ्या जपलं होतं, त्याच नियमाने आता सुबाभळीलाही जपलं.

"हमने यहाँ कभी दातुन ना तोड़ी," रामफल म्हणाला, म्हणजे दात घासायची काडीसुद्धा नाही. "इसे कौन काटे?"

मग त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. दर संक्रांतीला मी रजा घेऊन दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबच्या स्मारकावर जाते हे त्याला ठाऊक होतं.

"थारे लोग तो पानीपत से लौट लिए थे, मैडम जी। यो ना लौटे।"

तो रागाने बोलला असता तर बरं झालं असतं. तो नेहमीसारखाच बोलला. मला लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही. अज्ञानाने चुकले असते तर माफी मागून मोकळी झाले असते. मी तर शिकलेली होते. मला कवच ठाऊक होतं, शेंगा ठाऊक होत्या, म्हशीचं पोटही ठाऊक होतं. फक्त त्याचा प्रश्न मी ऐकला नव्हता.

इथे एक सांगून टाकते, कारण या विषयावर बोललं की कुणीतरी हटकून म्हणतं, आपणही दिल्लीत बाहेरचेच की, आपणही रुजलोच. माणसांना झाडांचे नियम लावणाऱ्यांचा मला राग येतो. माणसाला विचारता येतं, त्याला नाही म्हणता येतं, त्याला परत बोलावता येतं. सुबाभळीची काही चूक नव्हती. चूक माणसाची होती, आणि त्या माणसाचं नाव हजेरीपटावर होतं.

मी बणीबद्दल काय करावं या विचारात असतानाच, दुसऱ्याच महिन्यात साहेबांचं बोलावणं आलं. कंपनीला बणीची जागा हवी होती, क्लब आणि पोहण्याचा तलाव यांसाठी. जागा गावाच्या सामाईक मालकीची. ती मिळायची तर तिथे राखण्यासारखी झाडी नाही असं कागदावर यायला हवं होतं. साहेबांनी माझ्यापुढे छापील तक्ता ठेवला. झाडाचं नाव, संख्या, खोडाचा घेर, शेरा. ते म्हणाले, मॅडम, तिथे सगळं विलायती रान माजलंय असं ऐकतो, तुम्ही फक्त मोजून सही करा.

आणि ते खरं होतं. मोजलं तर सुबाभूळ सगळ्यांपेक्षा जास्त भरणार होती. मी लावलेल्या झाडाने बणी गिळायला घेतली होती आणि आता त्याच झाडाच्या आकड्यांनी ती पुसली जाणार होती, तेही माझ्या सहीने. खोटं लिहिलं तर दुसरा कुणीतरी येऊन खरं मोजणार. खरं लिहिलं तर बणी गेली.

घरी मी जेवले नाही. ह्यांना सगळं सांगितलं. पंचवीस वर्षं सरकारी फायलींमध्ये घालवलेला माणूस. त्यांनी तक्ता हातात घेतला, उलटून पाहिला.

"खोटं अजिबात लिहू नकोस," ते म्हणाले. "पण चारच रकाने हवेत असं कुठे म्हटलंय? पाचवा आख."

मोजणीला तीन दिवस लागले. स्टीलचा टेप बणीत नेता येईना, म्हणून मी शिवणाच्या मशीनमधला कापडी टेप नेला. लिहायच्या पॅडाला वरती चिमटा होता, तोही रामफलच्या आईने काढून ठेवायला लावला. मी सुटे कागद गुडघ्यावर धरून लिहिलं. रामफल त्याच्या भाषेत नाव सांगायचा, मी कंसात आपलं लिहायचे. शेवटच्या दिवशी मी म्हातारीपुढे जाऊन बसले. म्हटलं, हे झाड तुमच्या बणीत माझ्यामुळे आलं. काढायची परवानगी द्या. तिने हुक्क्याची नळी बाजूला केली.

"लोहा ना लगाइए," ती म्हणाली. "हाथ तै आया सै, हाथ तै जावैगा।"

म्हणजे कुऱ्हाड नाही, करवत नाही, औषध नाही. हाताने जेवढं उपटता येईल तेवढं उपट.

तक्त्याच्या पाचव्या रकान्याला मी मथळा दिला, कोणी लावलं. रोंज, जांटी, कैर, हिंगोट यांच्यापुढे लिहिलं, बणीची, आपोआप उगवलेली. सुबाभळीपुढे लिहिलं, मूळ बी निम्नस्वाक्षरीकाराने कंपनीच्या आवारात लावलेलं. तिथून गावाच्या जमिनीत शिरलेलं. सबब हे कंपनीच्या बाजूने बणीवर झालेलं अतिक्रमण आहे. खाली सही केली. एक प्रत साहेबांना दिली, एक रामफलच्या हाती पंचायतीत पाठवली.

साहेबांनी कागद वाचून चष्मा काढला.

"मैडम, ये तो आपने अपने ही ख़िलाफ़ लिखा है।"

"जी," मी म्हटलं.

त्यांनी कागद खणात ठेवला. पुढच्या महिन्यात माझं टेबल मागच्या नर्सरीत, खताच्या गोण्यांशेजारी गेलं, आणि वर्षभरात मीच ती नोकरी सोडली. क्लब झाला नाही. माझ्या पाचव्या रकान्यामुळे तो थांबला असं मी म्हणणार नाही. पंचायतीने हरकत घेतली होती, त्यात तो कागद जोडला होता एवढं खरं. शिवाय त्या सुमाराला घरांचा बाजारही पडला होता. पडलेला बाजार किती बण्या वाचवतो याचा हिशेब कुणी ठेवत नाही.

तेव्हापासून दर श्रावणात, जमीन मऊ असते तेव्हा, मी तिथे जाते. आधी गुडगावची बस, मग मेट्रो, आता मुलगा गाडीने सोडतो आणि दोन तासांनी न्यायला येतो. रोपं बोटांनी निघतात. अंगठ्याएवढी झाली की दोघांनी मिळून ओढावी लागतात. मनगटाएवढ्यांना रामफलने सुताचा दोर बांधून म्हैस जुंपली. त्यावर गावात दोन दिवस चर्चा झाली की म्हशीच्या गळ्यातली साखळी लोखंडाची आहे त्याचं काय, शेवटी साखळी शिळेवर ठेवून म्हैस आत नेली. मोठी झाडं अजून उभीच आहेत. आम्ही त्यांच्या शेंगा पिकण्याआधी हाताला येतील तेवढ्या तोडतो, उरलेल्या पडतात. मातीत झोपलेलं बी किती आहे कुणास ठाऊक. एका वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे जाणं झालं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा पेरल्यासारखी रोपं.

रामफलची आई गेली. आता शिळेपाशी रामफल बसतो, आईसारखाच ताठ, आणि येणाऱ्यांची लोखंडं काढून ठेवून घेतो. बणीच्या तिन्ही बाजूंना आता वीस-वीस मजल्यांच्या इमारती आहेत. यंदा मी त्याच्याशेजारी टेकले आणि म्हटलं, रामफल जी, तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. कोणता ते सांगावं लागलं नाही. या वेळी तो हसला.

"तो आते रहो," तो म्हणाला.

एक अडचण मात्र नवी आहे. सुबाभळीचं पिल्लू आणि रोंजाचं पिल्लू सारखंच दिसतं. तीच पिसासारखी बारीक पानं, तोच हिरवा. पूर्वी मी लांबून ओळखायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही डोळ्यांना आता तेवढं कळत नाही. पण रोंजाला लहानपणापासून काटे असतात, सुबाभळीला नसतात. म्हणून मी हातमोजे घालत नाही. खाली बसते, रोप मुठीत धरते, बोटं बुंध्यावर फिरवते. गुळगुळीत लागलं की उपटते.

इतकी वर्षं हाताला आलेलं प्रत्येक रोप गुळगुळीतच निघायचं. यंदा जोहडाच्या काठाला, जिथे रामफलच्या म्हशीने सगळ्यात जास्त झाडं ओढून काढली होती तिथे, मी नेहमीसारखा हात घातला आणि झटकन मागे घेतला. बोटातून रक्त आलं. मी ते तोंडात धरलं आणि दुसऱ्या हाताने शेजारचं रोप चाचपलं. तिथेही काटा लागला.